कधी न आटलेल्या तळ्याच्या पोटात

मी दुष्काळ कधी पाहिलेला नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. माझं गाव संगमेश्वर तालुक्यात. आमच्याकडे पाऊस लागला की कपडे वाळत नाहीत, चुलीवर दोरी बांधून ते धुरात वाळवावे लागतात. बाबा चिऱ्याच्या खाणीवर काम करतात. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली, त्यामुळे तिथे मी नेमकं काय शिकते हे घरी सांगणं मला नेहमीच अवघड जातं. या मे महिन्यात तर फारच अवघड गेलं. "जुन्या दुष्काळांचा अभ्यास करायला खानदेशात चाललेय," असं म्हटल्यावर आई तांदूळ निवडता निवडता थांबली.

"देवानं आपल्याला दिलं नाही ते मुद्दाम शोधायला कशाला जातेस?" ती म्हणाली.

 त्याचं उत्तर द्यायचा आता प्रयत्न करते. पुढे हवामान कसं बदलेल हे संगणकावर मांडणारे लोक आधी तो हिशेब उलटा, मागच्या काळाकडे चालवून बघतात. होऊन गेलेले दुष्काळ जर त्यात नीट उमटले नाहीत, तर येणाऱ्यांबद्दल तो जे सांगतो त्यावर विश्वास कसा ठेवायचा? पण पाऊस मोजून लिहून ठेवायला आपल्याकडे इंग्रजांच्या काळात सुरुवात झाली. त्याआधीचं शोधायचं तर झाडांच्या खोडातली वलयं, गुहांमधले चुन्याचे थर आणि जुन्या तळ्यांचा गाळ, असं जिथे सापडेल तिथे शोधावं लागतं. पुण्याला माझ्या मार्गदर्शक मॅडम गाळावर काम करतात. त्यांना धुळ्याकडच्या एका जुन्या तळ्याचा गाळ हवा होता, आणि तो आणायला त्यांनी सादिकदादाला आणि मला पाठवलं.

जळगाव

सादिकदादा आमच्या विभागात पीएच.डी. करतो. त्याचं घर जळगावात, म्हणून पहिला मुक्काम तिथेच होता. गाडीतून उतरले तेव्हा सकाळ होती, तरी स्टेशनबाहेरच्या लोखंडी कठड्याला हात लावता येईना. मी ओढणी नुसती डोक्यावर घेतली होती. दादानं मला ती नाकातोंडावरून घट्ट बांधायला लावली. रस्त्यावरच्या सगळ्या बायका तशाच होत्या, फक्त डोळे दिसत होते. आमच्याकडे माणसं पावसापासून अंग झाकतात. उन्हापासून इतकं झाकून घ्यायचं असतं हे मला नवीन होतं.

दादाचे अब्बा कूलरच्या जाळ्यांमध्ये वाळा भरून देण्याचं काम करतात. उन्हाळा हाच त्यांचा हंगाम. घरभर ओल्या वाळ्याचा वास होता आणि पुढच्या खोलीत जाळ्यांच्या चळती होत्या. मी संकोचून दारातच उभी राहिले, तर ते मान वर न करता म्हणाले, "ये बेटी. कोकणात म्हणे माणसं छत्री घेऊनच जन्माला येतात. तुला दुष्काळ शिकायला कोणी पाठवलं?"

"अब्बा, तिला घाबरवू नका. आधीच ती बोलत नाही," दादा म्हणाला.

आतून त्याच्या अम्मींचा आवाज आला, "नाही बोलत तेच बरं. तू बोलतोस तेवढं या घराला पुरतं."

जेवायला शेवभाजी होती. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि अम्मींनी न विचारता दह्याची वाटी पुढे सरकवली. जेवण झाल्यावर मी सवयीनं पेल्यात उरलेलं पाणी फेकायला मोरीकडे निघाले. अम्मींनी तो पेला माझ्या हातातून हळूच घेतला आणि दाराशी ठेवलेल्या जाळीवर ओतला.  पुढे त्या घरात मी पेला अर्धाच भरून घेऊ लागले.

संध्याकाळी गच्चीवर गेले. आजूबाजूच्या सगळ्या गच्च्यांवर ज्वारीचे बिबडे, म्हणजे पापड, वाळत पडले होते. अब्बा जाळ्यांवर पाणी मारून बघत होते. मी धीर करून त्यांना विचारलं, इतकं ऊन पूर्वीही असायचं का? त्यांनी जरा विचार केला. "तापायचं तर पूर्वीपण. पण पूर्वी आम्हाला हंगाम संपला की कळायचं. आता पावसाळ्यातसुद्धा लोक जाळ्या भरायला आणतात." मग हसले. "माझा धंदा वाढला बेटी. पण हे काही खूश होण्यासारखं आहे का, ते तुम्ही शिकलेले सांगा."

एरंडोल, पारोळा आणि पुढे

गाळ काढायला आमच्याजवळ पुरुषभर उंचीची लोखंडी नळी होती. ती जमिनीत ठोकायची आणि गाळाच्या थरांसकट बाहेर ओढायची. एसटीत ती आडवी ठेवावी तर लोकांच्या पायात येई, उभी धरावी तर छताला लागे. कंडक्टरनं वैतागून विचारलं, "बोअर मारायला निघाले का भो?" एरंडोलपर्यंत अख्ख्या गाडीला आम्ही जमिनीखालचं पाणी सांगणारे पाणाडे वाटत होतो. पारोळ्याच्या स्टँडवर एक आजोबा चढले. नळीकडे आणि मग माझ्याकडे बघून त्यांनी आदरानं विचारलं, "पानी सांगतस का तुम्ही?"

"नाही आजोबा," मी म्हटलं, "आम्ही गाळ बघतो."

त्यांची माझ्यातली आस्था तिथेच संपली. ते खिडकीबाहेर बघू लागले. मीही बघू लागले. काळी जमीन भेगाळून पडली होती. बांधावर पऱ्हाटीचे, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांचे, ढीग होते आणि मधूनच एखादं कडुनिंब इतकं हिरवं, की त्याला पाणी कुठून मिळतं असं वाटावं. पुढे एका ठिकाणी गाडी थांबली तेव्हा मी उतरून एका भेगेत हात घालून पाहिला. कोपरापर्यंत गेला. आमच्या तांबड्या जमिनीत असं होत नाही. तळाशी बोटांना जरा गार लागलं, एवढंच.

तळ्याचं गाव

गावाचं नाव मी लिहीत नाही. तशी मला विनंती केली गेली, आणि का केली ते पुढे कळेलच.

सादिकदादाचा कॉलेजातला मित्र भटूभाऊ आम्हाला फाट्यावर घ्यायला आला होता. त्याच्या घरीच आमची सोय होती. त्याच्या आईला सगळं गाव विमलअक्का म्हणतं. आम्हीही म्हणू लागलो. अक्कांनी दारात तांब्या पुढे केला. इथे तांब्या ओठाला न लावता वरून पाणी पितात. मी ते अर्धं गळ्यावर सांडलं. अक्का हसल्या आणि म्हणाल्या, "सांडू दे व माय. आमना गावमा पानीनी काय कमी शे?"

अहिराणी मला सगळी कळत नव्हती. जिथे अडे तिथे दादा सांगे. पण हे वाक्य कळलं, कारण दिवसभर वेगवेगळ्या तोंडांतून मी तेच ऐकलं. या गावाला पाण्याची कमी नाही. गावाचं तळं फार जुनं आहे, कुणी बांधलं ते कुणाला माहीत नाही, पण ते कधी आटलेलं नाही. गावाच्या विहिरींना त्याचाच पाझर आहे. "मना बापनी तळं पाहीसन मले आठे दिन्ही," अक्का म्हणाल्या. त्यांच्या वडिलांनी नवरा मुलगा नंतर बघितला, आधी तळं बघितलं. त्यांच्या माहेरच्या बायकांची निम्मी जिंदगी डोक्यावर घागरी वाहण्यात गेली होती.

अंगणात सावलीला काळ्या पिशव्यांमध्ये लिंबाची रोपं ओळीनं ठेवली होती. भटूभाऊ सुरतेला कापडाच्या कारखान्यात होता. लिंबाची बाग करायची म्हणून तो काम सोडून परत आला होता. शेतात खड्डे घेऊन झाले होते, फक्त पावसाची वाट होती. लिंबाला फळ धरायला काही वर्षं जातात आणि तोवर एकही उन्हाळा पाणी तुटून चालत नाही, हे त्यानंच मला सांगितलं. "पन आपलं तळं शे ना," तो म्हणाला. अक्का रोपांवर हात फिरवत होत्या. सुरतेहून आलेला मुलगा आता घरी राहणार, हे त्या रोपांकडे बघण्यातूनच कळत होतं.

दुपार उतरल्यावर आम्ही तळ्यावर गेलो. त्या महिन्यात तळ्यातला गाळ काढण्याचं काम चाललं होतं. एका बाजूला पाणी राखून दुसरी बाजू यंत्रानं खोदली होती आणि गाळ शेतांत नेऊन टाकला होता. असं खोदताना किती खोल खोदलं ते मोजता यावं म्हणून मधे मूळ मातीचा एक खांब न खोदता सोडतात. मोजमाप झालं की तो पाडतात. आम्ही आलो होतो त्या खांबासाठीच. त्यात गाळाचे सगळे थर जसे साचले तसे उभे होते. तो पाडू नका, नीट जपून ठेवा, पुण्याहून बघायला येतो आहोत, असं दादानं भटूभाऊला फोनवर कळवलं होतं.

खांब जपून ठेवलेला होता. वरपासून खालपर्यंत शेणामातीनं छान सारवलेला होता आणि चारही कडांना चुन्याची बोटं उमटवली होती.

दादा डोक्याला हात लावून खालीच बसला. मग त्याला हसू फुटलं. "भटू, मी तुला जपून ठेव म्हटलं होतं. तू तर त्याला लग्नाला उभा केलास!"

"मना काय दोष भो? माय ऐकस का कोनं?"

पुण्याहून पाहुणे बघायला येणार आणि मातीचा खांब उघडाबोडका, हे अक्कांना बरं वाटलं नव्हतं. शेजारच्या दोघींना घेऊन त्यांनी सकाळपासून हे काम केलं होतं. आमच्याकडेही कुणी येणार म्हटलं की आई आधी खळं सारवायला घेते, त्यामुळे मला त्यांचं मन कळत होतं. पण शेणात गवताचे कण असतात, आणि आम्हाला गाळात शोधायचे होते जुन्या गवताचे कण. चुना तर आम्ही मोजतच होतो, कारण पाणी आटत जातं तसा गाळातला चुना वाढतो. सारवण काढून आतली माती मोकळी केल्याशिवाय काही करता येणार नव्हतं.

मी थापी घेतली आणि एका कडेनं खरवडू लागले. अक्का टोपली घेऊन मागेच उभ्या होत्या.

"व माय! हाई काय करी ऱ्हायनी तू? बठ्ठं उखडी टाकं!"

मी गोंधळले. दादा मदतीला येईना. "अक्का," मी म्हटलं, "वरचं तुमचं आहे. आम्हाला आतलं जुनं बघायचं आहे. तुम्ही केलेलं वाईट नाही, पण..." 

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग टोपली ठेवली, कमरेचा विळा काढला आणि दुसऱ्या बाजूनं स्वतःच खरवडायला लागल्या. "आधी सांगाले काय व्हयनं व्हतं?" त्या पुटपुटल्या. त्यांचा हात माझ्यापेक्षा पुष्कळ हलका होता. घटकाभरात आतली माती उघडी झाली.

त्या खांबाकडे बघताना मला बाबांची खाण आठवली. कापलेल्या कड्यासमोर उभे राहून ते दगड कुठे मऊ निघेल ते बघतात, तशी मी बघत होते. जाड काळे थर चांगल्या पावसाच्या वर्षांचे, मधेच वाळूची रेघ म्हणजे मोठा पूर, आणि जिथे थर बोटाएवढेही जाड नाहीत ती ओढीची वर्षं. सगळ्यात खाली, जिथे खोदकाम थांबलं होतं तिथे, पांढरा टणक थर होता.

एव्हाना आधारआबा काठी टेकत येऊन पोचले होते. आबा गावाचे जुने पाटकरी, म्हणजे तळ्याचं पाणी कुणाच्या शेतात केव्हा आणि किती सोडायचं ते ठरवणारे. आता ते काम राहिलेलं नाही, पण तळ्याबद्दल शेवटचा शब्द अजून त्यांचाच असतो. पांढऱ्या थरावर काठी आपटून ते म्हणाले, "हाई तळानी फरशी. आमना पूर्वजसनी चुनखडी ठोकीसन करेल." यंत्र इथे त्यांनीच थांबवलं होतं. आम्हाला नळी त्या थरातून खाली ठोकायची आहे म्हटल्यावर ते रागावले. "फरशी फोडशात, पानी झिरपी जाई." नळीचं भोक मनगटाएवढंच असेल आणि ते चिकणमातीनं ठासून बंद करू, असं दादानं वचन दिलं, तेव्हा कुठे ते बाजूला झाले.

नळी ठोकली, आणि ती अडकली. वर येईना, खाली जाईना. जमलेल्या माणसांत प्रत्येकाला ती कशी काढायची ते माहीत होतं आणि प्रत्येकाचं वेगळं होतं. शेवटी भटूभाऊनं ट्रॅक्टर आणला आणि साखळी बांधून ओढली. नळीच्या टोकाला फरशीच्याही खालची माती आली. ती काळी होती. मऊ, चिकट, वरच्या गाळासारखीच. तिच्यात पाण्यातल्या गोगलगाईंचे चपटे, बारीक शंख होते.

फरशीच्या खाली तळं होतं.

मी पांढऱ्या थराचा एक तुकडा फोडला. आत केसासारख्या बारीक नळ्या होत्या, गवताची मुळं गेल्याच्या. भेगा होत्या आणि त्या पिवळ्या धुळीनं भरून गेल्या होत्या. एक शंख होता, पण तो कोरड्या जमिनीवर राहणाऱ्या गोगलगाईचा. मी तो दादाच्या हातावर ठेवला. त्यानं तो उलटसुलट करून पाहिला. आम्ही फोटो काढून मॅडमना पाठवले. त्यांचा लगेच फोन आला. ही कुणी केलेली फरशी नाही, त्या म्हणाल्या. हे तळं इथे कोरडं पडलेलं दिसतंय, आणि एक-दोन उन्हाळ्यांत असा थर धरत नाही. किती काळ आणि केव्हा, ते प्रयोगशाळेतच कळेल.

आबा शेजारीच उभे होते. त्यांना फोनवरचं ऐकू आलं नव्हतं. ते भटूभाऊला सांगत होते की बहात्तर साली आसपासच्या गावांची जनावरं इथे पाण्याला यायची आणि तरी तळं हललं नाही.

देवळाचा ओटा

संध्याकाळी मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर माणसं जमली. आम्हाला मधे बसवलं. दुष्काळाची आठवण विचारली की तिथे प्रत्येक जण बहात्तरची सांगत होता. ज्यांचा तेव्हा जन्मही झालेला नसावा तेसुद्धा. परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी, वाटपातली सुकडी, खडी फोडायचं काम. मला वाटलं, आधीच्या आणि नंतरच्या सगळ्या दुष्काळांना मिळून माणसांनी एकच नाव ठेवलंय.

मग आबा माझ्याकडे वळले. "लिखी ले माय तुना पुस्तकमा. आमनं तळं कधीच आटेल नही."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी पेन काढलं नाही.  दादानं सांभाळून घेतलं. तळं भारी शे, आबा, तो म्हणाला. प्रयोगशाळेत सगळं बघू, मग कळवू. लोक खूश झाले.

परतताना मी दादाला विचारलं, आपण सांगायला नको होतं का?

"आपण गाळ न्यायला आलोय," तो म्हणाला. "अजून तपासणी नाही, काही नाही. उद्या निकाल वेगळा आला तर? आणि ह्या गावात पोरी देतात त्या तळ्याच्या नावावर. अहवाल येईल तेव्हा मॅडम रीतसर कळवतील."

त्याचं चुकीचं नव्हतं. पण अहवालाला महिने लागतात, आणि लिंबाची रोपं पहिल्या पावसाबरोबर लावली जाणार होती.

अक्कांची चूल

सकाळी अक्का चुलीशी होत्या. कळण्याच्या भाकरी, म्हणजे ज्वारीत उडीद घालून दळलेल्या, आणि डुबुकवड्यांची आमटी. उकळत्या तिखट आमटीत बेसनाचे वडे सोडत त्या म्हणाल्या, घरात भाजी नसली तरी हे होतं. मग माझ्याकडे न बघता, "रातले तू जेवनी नही. काय शे तुना पोटमा?"

मी सांगितलं. जसं जमलं तसं, अडखळत. फरशी, तिच्याखालचा गाळ, गवताची मुळं, धुळीनं भरलेल्या भेगा. तळं एकदा आटलं होतं, आणि बरीच वर्षं आटलेलं होतं, असं दिसतं.

"किती साल?"

"माहीत नाही अक्का."

"परत व्हई का?"

"तेही मला सांगता येत नाही. एकदा झालं होतं, एवढंच मातीत आहे. पण तेव्हापेक्षा आता उन्हाळे जास्त तापतायत, आणि पाऊस येतो तो एकदम येतो नि थांबतो. म्हणून... मोठी बाग लावताना..."

त्यांनी भाकरी उलटली. पुन्हा उलटली. "मना पोऱ्या आते उना सुरतथीन," त्या म्हणाल्या. आत्ताच तर आलाय. मग त्यांनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मला वाटलं, मी उठून जावं. पण भाकरी ताटात पडली होती आणि त्यांनी ताट माझ्यापुढे केलं होतं. मी जेवले.

जेवणानंतर त्या आम्हाला घेऊन तळ्यावर गेल्या, पांढऱ्या थराचा तुकडा हातात घेऊन फोडला, आतल्या नळ्या नखानं कोरून पाहिल्या. तिथून थेट शेतात. भटूभाऊ खड्ड्यांत शेणखत टाकत होता. त्याच्याशी काय बोलणं झालं ते सगळं मला कळलं नाही. त्याचा आवाज चढला. "मंग मी काय कराले उनू आठे?" मग मी इथे आलो कशाला, एवढं कळलं. तो माझ्याकडे बघत नव्हता, आणि त्यामुळे मला जास्तच वाईट वाटत होतं. अक्का मात्र शांतपणे खड्ड्यांच्या ओळीतून चालत गेल्या. घराच्या बाजूची थोडी जागा पायानं आखली आणि म्हणाल्या, "इतलाच लाव. इतलासले मी डोकावर घागर लई उनू तरी पानी पुरी."

जेवढ्या झाडांना डोक्यावरच्या घागरीनं पाणी पुरेल तेवढीच. जे वाहणं चुकावं म्हणून त्यांच्या वडिलांनी त्यांना या गावात दिलं होतं, त्या मापानं त्या बाग मोजत होत्या.

भटूभाऊ फावडं टाकून बांधावर जाऊन बसला. थोड्या वेळानं उठला आणि पलीकडचे खड्डे बुजवायला लागला. दादानं जाऊन दुसरं फावडं घेतलं. उरलेल्या जागेत ज्वारी आणि उडीद घेऊ, असं दोघांचं बोलणं चाललेलं नंतर कानावर आलं. भटूभाऊ अजून गावातच आहे. पुढे राहील की नाही, हे तोही सांगत नाही.

गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. आबा अक्कांच्या अंगणात आले ते काठी उगारल्यासारखी धरूनच. "दोन दिनना पाहुना तुम्ही, आनि आमना तळाले बट्टा लावतस?" मी उभी राहिले.  "आबा, तिनी खोटं नही सांगं," अक्का म्हणाल्या. आबा तसेच मागे फिरले. त्यानंतर अक्कांनीच मला गावाचं नाव कुठे लिहू नको म्हणून सांगितलं. गावात लग्नाच्या मुली आहेत.

फाटा

ती नळी आता प्रयोगशाळेत थंड जागी ठेवली आहे. ती उभी चिरून थराथराची तपासणी होईल. तळं केव्हा आणि किती वर्षं आटलं होतं, ते त्यानंतर कळेल. मॅडमचा अंदाज चुकलाही असेल. तसं असेल तर मी आधी अक्कांना फोन करीन. पण तो शंख मी हातात घेतला होता, आणि मला तसं वाटत नाही.

निघताना फाट्यावर आम्ही गाडीची वाट बघत होतो. अक्कांनी बांधून दिलेल्या भाकरी माझ्या मांडीवर होत्या. आबा येताना दिसले तेव्हा मी घाबरले. ते येऊन सावलीत उभे राहिले, रस्त्याकडे तोंड करून. मग माझ्याशी न बोलता दादाला म्हणाले, "तिले इचार. तळं आटनं तवय लोके कोठे गयात?"

दादानं माझ्याकडे पाहिलं. मी आबांनाच म्हटलं, "ते मातीत कळत नाही आबा."

"पानी परत उनं का?"

पाणी परत आलं का, एवढं मात्र मला सांगता येत होतं. "आलं. पांढऱ्या थराच्या वर पुन्हा काळा गाळ आहे. तोच तुम्ही काढलात."

"पानी परत उनं," आबा म्हणाले. "आनि लोके?"

  आबा काठीच्या टोकानं मातीत काहीतरी टोकरत होते. तळं कुणी बांधलं ते गावात कुणालाच का माहीत नाही, कुणाच्या आज्या-पणज्याच्या गोष्टींतसुद्धा ते कोरडं पडल्याचं का येत नाही, ह्याचा मी तोवर विचारच केला नव्हता. आबांनी तो केलेला दिसत होता, बहुधा सकाळपासून.

गाडी लांबवर दिसली. आबांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

"म्हंजे आम्ही मांगून उनूत," ते म्हणाले.

दादा मला त्याचा अर्थ सांगायला वळला, पण हे गाव मागून येऊन वसलं होतं, हे त्यानं सांगायच्या आधीच मला कळलं होतं.